पडत्या घराला कारभारी

मॅनहॅटन हे नाव ऐकताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे न्यूयॉर्कच्या गगनचुंबी इमारती उभ्या राहाव्यात, हे स्वाभाविक आहे. परंतु ज्या मॅनहॅटनची हकिकत येथे सांगावयाची आहे, ते अमेरिकेच्या ऐन मध्यावर, कॅन्सस राज्यातील गवताळ टेकड्यांच्या कुशीत वसलेले एक लहानसे विद्यापीठनगर असून, गहू, गुरे आणि विद्यार्थी या तिहींवर त्याचा योगक्षेम चालतो. १८६२ साली अमेरिकन संसदेने राज्याराज्यांना जमिनी इनाम देऊन शेतकी व यंत्रविद्या शिकविणारी विद्यालये काढण्याचा जो कायदा केला, त्याच्या आश्रयाने पुढच्याच वर्षी येथे ‘कॅन्सस स्टेट’ उभे राहिले. स्वातंत्र्योत्तर काळात आपल्याकडे १९६० साली पंतनगरला आणि पुढे राहुरी, अकोला, परभणी, दापोली येथे जी कृषी विद्यापीठे स्थापन झाली, त्यांच्यामागील मूळ कल्पना याच जातीच्या अमेरिकन विद्यापीठांवरून घेतलेली होती. शेतकऱ्याच्या मुलाने शिकावे आणि शिकून पुन्हा शेताकडे पाहावे, हा त्या विद्यापीठाचा बाणा होता व आजही आहे. आणि तरीही १९८८ साली त्याचे नाव देशभर घेतले जात होते ते गव्हाच्या सुधारित वाणासाठी नव्हे, तर फुटबॉलच्या मैदानावरील अखंड पराभवासाठी.

येथे फुटबॉल म्हणजे आपण कोल्हापुरात किंवा मडगावात पाहतो तो पायाने चेंडू मारण्याचा खेळ नव्हे. अमेरिकन फुटबॉलचा चेंडू लांबट असतो, तो हातांत धरून पळावयाचा किंवा फेकावयाचा असतो, आणि चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकता आले तरच तो आपल्याकडे राहतो. प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो, आणि पुढच्या प्रयत्नात कोणी कोठून धावावे, कोणी कोणाला अडवावे, याचा हुकूम बहुधा मैदानाबाहेरून सुटतो. यामुळे या खेळात प्रशिक्षकाला जे महत्त्व आहे ते क्रिकेटमधील प्रशिक्षकाला नाही, आणि खरे सांगावयाचे तर क्रिकेटमधील कर्णधारालाही नाही. शंभराच्या आसपास खेळाडू, दहाबारा सहायक, त्यांचे आहार, व्यायाम, अभ्यास, शिस्त आणि दूरदूरच्या शाळांतून नव्या मुलांची निवड, असा सारा सरंजाम ज्या एका माणसाच्या अखत्यारीत असतो तो म्हणजे प्रमुख प्रशिक्षक, तेथील बोलीत ‘हेड कोच’. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत सरकारी तिजोरीशी संबंधित नोकरांत सर्वाधिक वेतन घेणारा माणूस राज्यपाल नसतो, सरन्यायाधीश नसतो. तो राज्याच्या विद्यापीठाचा असा एखादा प्रशिक्षक असतो. हे योग्य की अयोग्य, याविषयी माझे मत पुढे येईलच. आधी वस्तुस्थिती पाहू.

कॅन्सस स्टेटने १८९६ पासून १९८८ पर्यंतच्या त्र्याण्णव हंगामांत २९९ सामने जिंकले होते आणि ५१० गमावले होते. देशातील वरिष्ठ गटात पाचशे पराभवांचा टप्पा गाठणारे ते पहिले विद्यापीठ. १९५५ पासूनच्या चौतीस वर्षांत हारीपेक्षा जिती अधिक भरल्या असे हंगाम दोनच, १९७० आणि १९८२. शेवटचा विजय १८ ऑक्टोबर १९८६ या दिवशीचा, आणि त्यानंतरच्या सत्तावीस सामन्यांत विजय एकही नाही, फक्त एक बरोबरी. ‘बिग एट’ या नावाच्या आठ विद्यापीठांच्या ज्या परिषदेत हा संघ खेळे, तीत ओक्लाहोमा आणि नेब्रास्का यांच्यासारखे मातब्बर संघ होते. मॅनहॅटनच्या अर्ध्या रिकाम्या मैदानावर येऊन खेळण्यात त्यांना ना मान होता, ना उत्पन्नातला पुरेसा वाटा. या विद्यापीठाला परिषदेतून बाहेर काढावे, अशी चर्चाही तेव्हा उघडपणे होऊ लागली होती.

अशा घरी कारभारी म्हणून कोण येणार? चांगल्या स्थितीतील संघाला प्रशिक्षक हवा असला तर अर्जांची रीघ लागते; परंतु ज्या आसनावर बसलेला प्रत्येक मनुष्य चारपाच वर्षांत नावाला काळिमा लावून उठला, त्या आसनाकडे कर्तबगार माणूस सहसा फिरकत नाही, आणि जो फिरकतो त्याच्यापाशी गमावण्यासारखे काही उरलेले नसते. संस्थेला ज्याची नितांत गरज आहे असा माणूस नेमका तोच असतो, ज्याला त्या संस्थेची काडीमात्र गरज नसते. पडत्या घराची पहिली अडचण पैशाची नाही, ती ही आहे.

दुसरी अडचण अधिक क्रूर आहे. समजा असा माणूस आला, त्याने घर सावरले, तर दुसऱ्याच दिवशी श्रीमंत घरून त्याला बोलावणे येते. कॅन्सस स्टेटने हे दुःख फार पूर्वी भोगले होते. १९३४ साली लिन वॉल्डॉर्फ नावाच्या तरुण प्रशिक्षकाने या विद्यापीठाला परिषदेचे विजेतेपद मिळवून दिले, आणि तो हंगाम संपताच ते नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात निघून गेले. पुढे १९६७ मध्ये व्हिन्स गिब्सन आले. त्यांच्या उत्साहाने सारे गाव विद्यापीठाच्या जांभळ्या रंगात न्हाऊन निघाले, १९६८ साली नवे मैदान बांधले गेले, १९७० साली यशाची झुळूकही आली. पण त्याच वर्षी खेळाडूंच्या भरतीतील नियमभंगाबद्दल परिषदेने शिक्षा ठोठावली, आणि ती झुळूक होती तेथेच विरली. १९८२ साली जिम डिकी यांच्या संघाने इतिहासात प्रथमच हंगामोत्तर निमंत्रित सामन्यापर्यंत, तेथे ज्याला ‘बाउल’ म्हणतात तेथपर्यंत, मजल मारली आणि तो सामना गमावला. नंतर आलेले स्टॅन पॅरिश यांनी आधीच्या विद्यापीठात चांगले नाव कमावलेले होते. येथे तीन वर्षांत त्यांच्या वाट्याला दोन विजय आले. या साऱ्यांना नालायक ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण मला ते न्यायाचे वाटत नाही. भिंतीच ओल धरून बसल्या असतील तर रंग देणाऱ्याचा हात कितीही निपुण असो, रंग टिकत नाही.

भिंती पाहण्याचे काम ज्यांनी प्रथम केले ते जॉन वेफल्ड. ते १९८६ साली विद्यापीठाचे अध्यक्ष, म्हणजे आपल्या परिभाषेत कुलगुरू, म्हणून आले. मूळचे इतिहासाचे अभ्यासक, मिनेसोटा राज्याचे माजी कृषिआयुक्त, आणि स्वभावाने धडाडीचे. विद्यार्थिसंख्या घसरत होती, आणि फुटबॉलमधील नामुष्की ही निव्वळ खेळाची बाब नसून विद्यापीठाच्या प्रतिष्ठेची बाब आहे, हे त्यांनी ओळखले. विद्वानांना हे विधान अप्रिय वाटेल. मलाही प्रथम वाटले. परंतु विरळ वस्तीच्या ज्या राज्यात सार्वजनिक जीवनाचे प्रसंगच मोजके आहेत, तेथे शरद ऋतूतील शनिवारी मैदानावर जमणे हे आपल्याकडील जत्रेसारखे असते. त्या दिवशी माजी विद्यार्थी मुलाबाळांसह येतात, देणगीदार भेटतात, विधिमंडळाचे सभासद शेतकऱ्यांशेजारी बसतात. ज्या गावची जत्रा ओस पडली त्या गावच्या देवळाचा जीर्णोद्धारही रखडतो. आणि वर्षानुवर्षे मान खाली घालून घरी जाणाऱ्या त्या पोरांचा विचार केला तर, त्यांना त्या अवस्थेत ठेवण्याचा अधिकार विद्यापीठाला होता काय, हा प्रश्नही उरतोच.

१९८८ साली वेफल्ड यांनी विद्यापीठाचे धावण्याच्या शर्यतींचे माजी प्रशिक्षक स्टीव्ह मिलर यांना क्रीडासंचालक नेमले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मिलर यांच्यावर नवा प्रशिक्षक शोधण्याची जबाबदारी आली. त्यांची नजर ज्या माणसावर स्थिरावली तो कोणी नामांकित प्रमुख प्रशिक्षक नव्हता. बिल स्नायडर तेव्हा एकोणपन्नास वर्षांचे होते, आयोवा विद्यापीठात हेडन फ्राय यांच्या हाताखाली आक्रमणाचे नियोजन पाहणारे सहायक होते, आणि मोठ्या विद्यापीठाचा संघ प्रमुख म्हणून त्यांनी कधीच सांभाळलेला नव्हता. वरवर पाहता ही निवड अगतिकतेची वाटावी. परंतु स्नायडर यांच्या गतायुष्याकडे पाहिले म्हणजे तिच्यातील शहाणपण ध्यानात येते. फ्राय १९७९ साली आयोवाला गेले तेव्हा तो संघही जवळजवळ वीस वर्षे हारत आलेला होता, आणि तिसऱ्याच हंगामात, १९८१ साली, फ्राय यांनी त्याला रोझ बाउलपर्यंत नेले. त्यापूर्वी नॉर्थ टेक्सास या आडबाजूच्या विद्यापीठातही त्यांनी असेच काम केले होते, आणि या दोन्ही ठिकाणी स्नायडर त्यांच्या शेजारी उभे होते. म्हणजे पडके घर आतून कसे बांधतात, पहिली वीट कोठे बसवतात, कोणती भिंत पाडावी लागते आणि कोणती राखता येते, हे ज्याने दोनदा जवळून पाहिले असा तो मनुष्य होता. जिंकणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला जिंकणे ठाऊक असते. हारणाऱ्याला जिंकावयास शिकविणे ही निराळी विद्या आहे.

आपल्याकडील जुन्या रिवाजाप्रमाणे सोयरीक जमविताना मुलाकडची मंडळी मुलगी पाहून जातात, पण शहाणा मुलीचा बाप त्याआधीच मुलाच्या गावी जाऊन त्याची विहीर, त्याचे गोठे आणि त्याच्या शेजाऱ्यांचे बोलणे पाहून आलेला असतो. प्रशिक्षकाच्या नेमणुकीत बाहेरून दिसते ते एवढेच, की विद्यापीठ उमेदवाराची परीक्षा घेते; आत मात्र त्याच वेळी उमेदवार विद्यापीठाची परीक्षा घेत असतो, आणि घर पडते असेल तेव्हा ही दुसरी परीक्षाच निर्णायक ठरते. त्याचे प्रश्न ठरलेले असतात. सहायकांच्या वेतनासाठी रक्कम किती मंजूर आहे? एकट्याला भरमसाट पगार देऊन सहायकांना तुटपुंज्या पैशांत राबविणारे विद्यापीठ चांगला प्रशिक्षक ओळखतो आणि टाळतो. सरावाचे मैदान कसले आहे, हिवाळ्यात छताखाली सराव करता येतो काय, जखमी मुलाची शुश्रूषा कोण करते? प्रवेशसमिती, देणगीदार आणि अध्यक्ष यांच्यात बेबनाव तर नाही? आणि या सर्वांवर कळस असा प्रश्न: पहिल्या वर्षी दहा सामने हारलो तर तुम्ही माझ्या पाठीशी उभे राहाल काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर करारनाम्यात लिहून देता येत नाही. ते समोरच्या माणसांच्या चेहऱ्यांवर वाचावे लागते.

आपण मॅनहॅटनला आलो ते माणसांमुळे आणि राहिलो तेही माणसांमुळेच, असे स्नायडर पुढे आयुष्यभर सांगत राहिले. ज्याने सत्तावीस सामन्यांची ती काळी यादी वाचूनही होकार दिला, त्याच्या तोंडचे हे शब्द केवळ शिष्टाचाराचे मानता येणार नाहीत. मिलर आणि वेफल्ड यांच्यापाशी दाखवावयास वैभव नव्हते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे हेच त्यांचे बळ ठरले. संघाची दुर्दशा साऱ्या देशाला ठाऊक असल्यामुळे ती झाकून ठेवण्याचा मोहच उरला नव्हता. नोव्हेंबर १९८८ च्या अखेरीस नेमणूक जाहीर झाली तेव्हा स्नायडर यांनी जे सांगितले त्याचा आशय असा होता, की महाविद्यालयीन फुटबॉलच्या इतिहासातील सर्वांत मोठा कायापालट घडविण्याची संधी येथे आहे. इतरांना जो खड्डा दिसत होता, त्यात या माणसाला पाया दिसला.

पहिला हंगाम सुरू होण्याच्या सुमारास, सप्टेंबर १९८९ मध्ये, ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या प्रख्यात साप्ताहिकाने या संघाच्या अपयशावर विस्तृत लेख छापून त्याची अपकीर्ती घरोघर पोहोचविली. पहिले तीन सामने पुन्हा गेले, आणि विजयावाचून लोटलेले सामने तीस झाले. मग ३० सप्टेंबर १९८९ या दिवशी मॅनहॅटनला नॉर्थ टेक्सासचा संघ आला, ज्या विद्यापीठात स्नायडर यांनी एकेकाळी उमेदवारी केली होती तेच ते. सामना संपता संपता, अगदी शेवटच्या खेळीत, कार्ल स्ट्रॉ यांनी फेकलेला चेंडू फ्रँक हर्नांडेझ यांनी सीमारेषेपलीकडे झेलला आणि संघ २० विरुद्ध १७ असा जिंकला. त्या संपूर्ण हंगामातील तो एकमेव विजय. एक विजय आणि दहा पराभव, असा हिशेब घेऊन कोणताही प्रशिक्षक वर्षअखेर अध्यक्षांच्या दालनात गेला तर आजच्या काळात त्याला बरखास्तीचा कागदच मिळण्याचा संभव अधिक. वेफल्ड यांनी तसे केले नाही. पुढच्या वर्षी पाच विजय आले, त्यानंतर सात, त्यानंतर पुन्हा पाचच. आणि चौथ्या वर्षाच्या या माघारीनंतरही विद्यापीठाने धीर सोडला नाही, ही गोष्ट मला पुढील सर्व विजयांपेक्षा मोठी वाटते.

१९९३ साली नऊ विजय मिळाले, आणि त्या वर्षापासून सलग अकरा हंगाम हा संघ बाउल सामन्यांना जात राहिला. १९९७ ते २००० या चार वर्षांत प्रत्येक हंगामात अकरा अकरा सामने जिंकले गेले. १९९८ साली ज्या नेब्रास्काला तीस वर्षांत एकदाही हरविता आले नव्हते त्याला हरविले, आणि काही काळ प्रशिक्षकांच्या मतगणनेत हा संघ देशात पहिला गणला गेला. २००३ साली परिषदेचे अजिंक्यपद मिळाले; वॉल्डॉर्फ यांच्या १९३४ नंतरचे ते पहिले, आणि ज्या ओक्लाहोमाला ३५ विरुद्ध ७ असे नमवून ते मिळाले त्या संघाचे प्रशिक्षक होते बॉब स्टूप्स, स्नायडर यांनी १९८९ साली मॅनहॅटनला आणलेले त्यांचे एकेकाळचे सहायक. ओक्लाहोमाचे त्यापूर्वीचे विख्यात प्रशिक्षक बॅरी स्विट्झर यांनी तर स्नायडर यांना वर्षाचे किंवा दशकाचे नव्हे, तर शतकाचे प्रशिक्षक म्हणून गौरविले होते.

हे घडले कसे, याची उत्तरे पुष्कळशी रुक्ष आहेत, आणि म्हणूनच ती विश्वसनीय आहेत. देशातील पहिल्या प्रतीची मुले हारणाऱ्या संघाकडे येत नाहीत, हे जाणून स्नायडर यांनी दोन वर्षांच्या लहान महाविद्यालयांकडे मोर्चा वळविला; पुढे कीर्तिमान झालेला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालविणारा खेळाडू, मायकेल बिशप टेक्सासमधील अशाच एका महाविद्यालयातून आला. परिषदेबाहेरचे सामने त्यांनी दुबळ्या संघांशी ठरविले आणि त्याबद्दल सतत टीका सोसली. मला ती टीका पटत नाही. ज्याला वर्षानुवर्षे अन्न पचलेले नाही त्याला पहिल्या दिवशी पेजच द्यावी लागते. संघाचा पोशाख बदलला, विद्यापीठातील एका कलाध्यापकाकडून रानमांजराचे नवे चिन्ह करवून घेतले, आणि सोळा उद्दिष्टांची एक यादी खेळाडूंपुढे ठेवली, जिच्यात विजयाहून बांधिलकी, एकजूट, चिकाटी आणि रोज किंचित सुधारण्याची सवय यांनाच अधिक मान होता. स्वतः ते दिवसातून एकदाच, रात्री उशिरा, जेवत, आणि मध्यरात्र उलटेपर्यंत दफ्तरात बसत. प्रतिस्पर्ध्यांच्या संघातील एखादा मुलगा जखमी झाला किंवा उत्तम खेळला, तर जांभळ्या शाईने स्वहस्ते लिहिलेले चार ओळींचे पत्र त्याला मॅनहॅटनहून जाई. अमेरिकेतील कित्येक घरांत ती पत्रे आजही जपून ठेवलेली आहेत.

विद्यापीठानेही आपली बाजू राखली. सरावाच्या सोयी झाल्या, मैदानाची पश्चिम बाजू नव्याने बांधली गेली, १९९९ साली आसनसंख्या पन्नास हजारांच्या घरात गेली. येथे कार्यकारणभाव उलटा लावण्याची चूक पुष्कळ संस्था करतात. आधी भव्य इमारत, मग माणूस, असा त्यांचा क्रम असतो. कॅन्सस स्टेटमध्ये आधी विश्वास, मग माणूस, मग विजय आणि त्यामागून विटा आल्या.

श्रीमंत घरची रीत निराळी असते, आणि तुलनेसाठी ती पाहण्याजोगी आहे. अलाबामा विद्यापीठ २००६ च्या अखेरीस अडचणीत होते. त्यांनी निवडलेला उमेदवार ऐनवेळी फिरला, आणि क्रीडासंचालक मॅल मूर यांनी विमान घेऊन थेट मायामी गाठले. तेथे निक सेबन हे व्यावसायिक संघाचे प्रशिक्षक होते आणि आपण अलाबामाला जाणार नाही असे त्यांनी जाहीरपणे सांगितलेले होते. मूर तेथे तळ ठोकून बसले, आणि ३ जानेवारी २००७ रोजी सेबन यांना घेऊनच परतले. विमानतळावर चाहत्यांची झुंबड उडाली होती. आठ वर्षांचा, तीन कोटी वीस लक्ष डॉलरांचा तो करार त्या काळी सर्वांना अचाट वाटला. परंतु अलाबामापाशी गतवैभवाची स्मृती होती आणि ती विकत घेऊ शकणारी थैलीही होती. ज्यांच्यापाशी या दोन्ही नाहीत, त्यांना अलाबामाचा कित्ता गिरवून भागत नाही.

गेल्या काही वर्षांत या व्यवहाराचे रूप इतके पालटले आहे की १९८८ चा काळ पुराणासारखा वाटावा. उमेदवाराच्या वतीने मुखत्यार बोलतात, विद्यापीठाच्या वतीने शोधसंस्था. प्रशिक्षकाला मुदतीपूर्वी काढावयाचे झाल्यास उरलेल्या वर्षांची रक्कम भरून द्यावी लागते, आणि ती कोट्यवधी डॉलरांची असते. शिकविण्यासाठी स्थापन झालेली संस्था एका माणसाने काम करू नये म्हणून त्याला इतके द्रव्य मोजते, ही गोष्ट, ते द्रव्य देणगीदारांच्या खिशातून आले तरी, मला मनापासून अनुचित वाटते. त्याच रकमेत किती प्रयोगशाळा उभ्या राहतील याचा हिशेब मनात आल्यावाचून राहत नाही. दुसरीकडे १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावावर व प्रतिमेवर पैसे मिळविण्याची मुभा मिळाली, २०२५ पासून विद्यापीठे स्वतःच उत्पन्नाचा वाटा त्यांना देऊ लागली, आणि एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाणे खेळाडूंना पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले. ज्या मुलांच्या अंगमेहनतीवर हा सारा डोलारा उभा आहे त्यांच्या हाती काही पडू लागले, हे न्याय्यच झाले. पडत्या घराच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की नव्या कारभाऱ्याला आता पाच वर्षे वाट पाहण्याची सक्ती राहिली नाही. तो येताना आपली माणसे बरोबर आणू शकतो.

याचा सर्वांत थक्क करणारा दाखला इंडियाना विद्यापीठाचा आहे. पराभवांच्या एकूण संख्येत देशात अग्रभागी असलेल्या आणि एका हंगामात दहा विजय कधीच न पाहिलेल्या या विद्यापीठाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी कर्ट सिग्नेटी यांना नेमले. ते तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. अलाबामाला सेबन यांच्या हाताखालची प्रतिष्ठेची जागा सोडून, कमी वेतनावर, २०११ साली ते एका लहान विद्यापीठाचे प्रमुख प्रशिक्षक झाले होते, आणि तेथून पायरी पायरीने चढत, जेथे जेथे गेले तेथे जिंकत आले होते. त्यांच्या आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातील तेरा खेळाडू त्यांच्यामागोमाग इंडियानाला आले. पहिल्याच वर्षी अकरा विजय. दुसऱ्या वर्षी सोळापैकी सोळा, आणि जानेवारी २०२६ मध्ये मायामी विद्यापीठाला २७ विरुद्ध २१ असे हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद. काळ बदलला, वेग बदलला. पण निवडीतील सूत्र पाहा. येथेही नावाजलेल्या, वलयांकित माणसाचा पाठलाग झालेला नाही. कमी साधनांत ज्याने वारंवार घर बांधून दाखविले, असा माणूस हेरला गेला, आणि तो मागेल ते त्याला देण्याची तयारी संस्थेने आधी केली.

कॅन्सस स्टेटची कहाणी मात्र येथे संपत नाही, कारण आदर्श कारभारी मिळालेल्या घराला तो गेल्यावर पुन्हा तीच चिंता पडते. २००५ साली स्नायडर निवृत्त झाले, मैदानाला त्यांच्या कुटुंबाचे नाव दिले गेले. उत्तराधिकाऱ्याच्या तीन वर्षांत विजय सतरा आणि पराभव वीस असा जमाखर्च झाला, आणि २००८ च्या नोव्हेंबरात विद्यापीठाने एकोणसत्तर वर्षांच्या स्नायडर यांनाच परत बोलाविले. ते आले, २०१२ साली पुन्हा परिषदेच्या विजेतेपदात वाटेकरी झाले, आणि २०१८ च्या हंगामानंतर, २१५ विजय गाठीशी बांधून, अखेरचे निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या ख्रिस क्लाइमन यांनी आधीची कीर्ती नॉर्थ डकोटा स्टेट या कनिष्ठ गटातील संघात मिळविलेली होती. पुष्कळांनी नाके मुरडली, आणि २०२२ साली त्यांनीही परिषदेचे अजिंक्यपद आणून दाखविले.

डिसेंबर २०२५ मध्ये क्लाइमन यांनी निवृत्ती जाहीर केली. या वेळी विद्यापीठाला कोणाच्या दारी तळ ठोकून बसावे लागले नाही, कोणाची समजूत घालावी लागली नाही. जवळजवळ त्याच क्षणी ज्यांचे नाव मुक्रर झाले ते कॉलिन क्लाइन, २०१२ च्या त्या विजेत्या संघाचे क्वार्टरबॅक, स्नायडर यांच्याच हाताखाली खेळलेले आणि पुढे याच विद्यापीठात सहायक म्हणून राबलेले. टेक्सासमधील एका बलाढ्य विद्यापीठात ते मानाच्या पदावर होते. तेथून ते निघाले. इंटरस्टेट सत्तर हा महामार्ग सोडून उत्तरेकडे वळले की टेकड्यांमधून मॅनहॅटनकडे जाणारा जो रस्ता लागतो, त्याचे नाव बिल स्नायडर हायवे असे आहे.